एका नावाचे दोन डबे

१

आमच्या घरात इंटरनेट पुरुषांच्या खोल्यांपर्यंतच यायचं. हे कुणी मुद्दाम ठरवलं नव्हतं, भिंतींनी ठरवलं होतं. आंधळगावच्या बाजाररस्त्यावर समोर दादाचं धानाचं दुकान, त्यामागे बैठक, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर आणि त्याच्या कडेनं जाणारा बोळ, मग अंगण, आणि अंगणापलीकडे रिकाम्या पोत्यांची, म्हणजे बारदान्याची खोली. राउटर दुकानात. भिंती मातीच्या, हातभर जाड. बैठकीत दादाचे गिऱ्हाईक पाय पसरून व्हिडिओ बघत बसायचे, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी फोनवरचं चिन्ह विझून जायचं. उंबऱ्याच्या आत माझी वहिनी असायची.

मला अशा गोष्टी बघवत नाहीत. भंडाऱ्याला बी.एस्सी. करून मी गावी परतले ती काहीतरी बदलायचं म्हणून, आणि माझ्याच घरात बदल उंबऱ्याशी अडत होता.

रिता वहिनी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला बाहेरून बसली होती. दादानं तिला एकच संधी दिली होती. पास झाली तर पुढे बी.एड., नापास झाली तर विषय संपला. आईची अट वेगळी होती. घरातलं एकही काम मागे पडता कामा नये. वहिनीचे तास दुपारी फोनवर व्हायचे, आणि दुपारीच धान निवडणं, वाळवण, पाहुणे, चहा. बैठकीत पुरुषांसमोर बसून तास ऐकणं आईला पटत नव्हतं. म्हणजे संधी होती, फक्त घ्यायला जागा नव्हती.

त्यात तिचं नाव. माहेरी ती अंजू होती. मीही अंजू. एका घरात एका नावाच्या दोघी चालत नाहीत, म्हणून लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘रिता’ लिहिलं गेलं आणि ती रिता झाली. तेव्हा मी बारावीत होते आणि लाडू खात होते. आता आठवलं की संताप येतो. कॉलेजच्या कागदांवर ती अजून अंजूच होती.

२

जुना राउटर कपाटावर धूळ खात पडला होता. दादानं कंपनी बदलली तेव्हा नवा आला आणि हा तसाच राहिला. मी तो पुसला, मागच्या भोकात पिन दाबून त्याची जुनी आठवण पुसली, लॅपटॉपला जोडला. त्याचा पत्ता बदलला, म्हणजे दोन्ही डबे एकाच पत्त्यावर भांडणार नाहीत. फोनना पत्ते वाटायचं कामही बंद केलं, कारण ते काम घरात एकानंच करायचं असतं. मग दुकानातल्या राउटरपासून वायर ओढली, मधल्या खोलीच्या आढ्यावरून, अंगणातल्या कपडे वाळवायच्या तारेला बांधत थेट बारदान्याच्या खोलीत. शेवटी त्याला नाव दिलं. तेच, जे दुकानातल्याचं होतं. पासवर्डही तोच.

आई तांदूळ पाखडता पाखडता बघत होती. “दोन डब्ब्याईले एकच नाव कायले देतेस वं?”

“आई, मग फोनले फरक समजत नाही. ज्याचा जोर जास्त त्याच्याशी तो आपोआप जोडला जाते. चालता चालता तुटत नाही.”

“म्हंजे फसवतेस त्याले.”

“फसवत नाही, सोय करते.”

“एका नावाचे दोघं असले का एकाले हाक मारली तं दुसराच ओ देते बाप्पा.” सूप झटकून ती म्हणाली. “म्हून तं आपन रिताचं नाव बदलवलं.”

“म्हणूनच मी नाही बदलवत!” मी म्हटलं, आणि हिरवा दिवा लागला.

वहिनी उंबऱ्यावर ओल्या हातांनी उभी होती. मी तिचा फोन घेऊन अंगण ओलांडलं. चिन्ह विझलं नाही. बारदान्याच्या खोलीत मी आधीच सतरंजी टाकली होती, टेबलफॅन ठेवला होता. पोत्यांचा कोरडा वास, खिडकीतून येणारा आंब्याचा हिरवा उजेड. वहिनी आत आली, भिंतीला टेकून बसली आणि तिनं दार लोटलं. लग्नानंतर तिनं स्वतःसाठी दार लोटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

“ताई,” ती आतून म्हणाली, “हे माही खोली हाय का?”

“तुझीच.”

मी अंगणात एकटीच उड्या मारल्या.

३

त्यानंतरचे दिवस खरोखर चांगले होते. वहिनी दुपारी तिकडे जायची. संध्याकाळी जेवताना राज्यशास्त्रातलं काहीतरी सांगायची, दादा ‘हं’ म्हणायचा, पण ऐकायचा. एकदा तर ग्रामसभेच्या अधिकारावर त्याचं आणि तिचं चक्क भांडण झालं. तो हरला आणि भात जास्त जेवला. आईची तक्रार नव्हती. धान निवडून झालेलं असायचं, भांडी लख्ख, कुरड्या उन्हात.

माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण सुखात कुणी हिशोब करत नाही.

एका दुपारी आई कपबश्या घेऊन अंगणातून आली आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकली. वहिनी परातीत कणीक मळत होती.

“तू इकडे कवा आली? तुले तं मी आत्ता तिकडे चहा देऊन राहिली.”

वहिनी हसली. “आली न आई.”

“पायाले भिंगरी लावली या पोट्टीनं,” आई कौतुकानं म्हणाली आणि दुसरा कप भरला.

मी ताटं पुसत होते. अंगणाचं दार माझ्यासमोर होतं. त्या दारातून आई आली होती. वहिनी आली नव्हती. तिचे हात कोपरापर्यंत कणकेनं भरले होते, आणि कणीक अशी एका क्षणात मळली जात नाही.

मी बारदान्याच्या खोलीत गेले. फोन पोत्यावर टेकवलेला, सर बोलत होते. सतरंजीवर कुणी बसल्याच्या सुरकुत्या होत्या. कपबशी रिकामी, तळाशी चहाची पत्ती अजून ओली.

आईला भास झाला असेल, मी स्वतःला सांगितलं. चहा तिनंच प्यायला असेल आणि विसरली असेल. साठीच्या बाईचं कारण मिळालं की किती बरं वाटतं.

४

पण मला अर्धवट ठेवता येत नाही. मी भौतिकशास्त्र शिकले आहे, आणि घाईची आहे.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात खाट टाकून बसले. उन्हाची वेळ, आंब्याखाली सावली. डावीकडे स्वयंपाकघराचं दार, उजवीकडे बारदान्याच्या खोलीचं. दोन्ही अर्धी लोटलेली. वहिनी माझ्यासमोर उजवीकडच्या दारातून आत गेली. थोड्या वेळानं तिकडून वाचल्याचा आवाज येऊ लागला, तिची सवय होती मोठ्यानं वाचायची. मग डावीकडून पाटा-वरवंट्याचा. आई मधल्या खोलीत झोपली होती, तिचं घोरणं ऐकू येत होतं. दादा दुकानात.

वरवंट्याबरोबर बांगड्या वाजत होत्या. वहिनीच्या उजव्या हातातली एक बांगडी टिचलेली होती, तिचा आवाज वेगळा यायचा. तो डावीकडून येत होता. उजवीकडून वहिनीचा गळा येत होता.

मी उठले. अंगणाच्या मधोमध एक जागा आहे. तिथे आल्यावर फोनला ठरवता येत नाही कोणत्या डब्याकडे जावं. गाणं चालू असलं तर अडतं. दोघांचा जोर तिथे सारखा पडतो, एवढंच. मी त्या जागेवर जाऊन उभी राहिले.

वाचणं थांबलं. वरवंटाही थांबला.

नुसतं थांबलं नाही. दोन माणसं बोलत असावीत, आपण मधून जावं, आणि आपण जाईपर्यंत त्यांनी अदबीनं गप्प राहावं, तसं ते थांबलं होतं. मी एक पाऊल मागे आले. दोन्ही आवाज एकदम सुरू झाले, वाक्याच्या मधून, घासण्याच्या मधून.

मी पुन्हा पुढे पाऊल टाकलं नाही. सरळ बारदान्याच्या खोलीत घुसले. आत जाताना माझी नजर राउटरवर होती, सतरंजीकडे मी बघितलं नाही. का बघितलं नाही ते मला विचारू नका. मी प्लग उपटला.

वाचणं शब्दाच्या मध्यात तुटलं. सतरंजीवर कुणी नव्हतं.

५

स्वयंपाकघरात वहिनी पाट्यापाशी बसली होती. मे महिन्याच्या दुपारी तिनं पदर अंगाभोवती घट्ट ओढला होता.

“ताई, लावून दे ते,” ती म्हणाली. मी तोंडही उघडलं नव्हतं.

“काय लावू?”

“डब्बा. थंडी वाजून राहिली मले. आणि तो धडा... मगाशी पूर्ण येत होता. आता काहीच नाही डोक्यात.”

“वहिनी, तुला माहीत आहे?”

तिनं वरवंटा उगाच इकडचा तिकडे केला. “पह्यले वाटलं डुलकी लागली. तिकडे बसून वाचते आन् इकडे हात चालून राहिले, असं सपनात होते न? मंग आईनं चहा दिला. दोनदा. दोन्ही चहा लागले मले.”

“भीती नाही वाटत?”

“कायची? तिकडे तं मीच हाय. माहेरची.” मग माझ्याकडे बघून ती इतकं मोकळं हसली की माझा सगळा प्रश्नच लहान झाला. “ताई, मी सुखात आहो. एवढ्या वर्षांत पह्यल्यांदा. परीक्षा होऊ दे माही. मंग तू म्हनशील तसं.”

माझ्यात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होतं, हे चुकीचं आहे, तपास. दुसरं विचारत होतं, चूक कुणाची, डब्याची की एका बाईनं दोन बायांचं काम करावं म्हणणाऱ्या घराची? दुसरं नेहमी जिंकतं. मी जाऊन प्लग लावला. अंगणातून परत येताना मधोमधची जागा टाळून भिंतीकडेनं आले.

आईला मी आडून विचारलं, चष्म्याचा नंबर बदललाय का, काही वेगळं दिसतं का.

“दिसते न,” आई तांदळातला खडा काढत म्हणाली. “मी का आंधळी हाव?”

“मग?”

“एका नावाच्या दोघी नाही चालत घरात. पन हिचं नाव तं आपनच वेगळं ठेवलं.” तिनं खडा अंगणात भिरकावला. “नाव दोन, मानसं दोन. कामं होऊन राहिली, पोरगी हासून राहिली. तू कायले खोदून राहिली वं?”

६

परीक्षा भंडाऱ्याला होती. सकाळी वहिनी इस्त्रीची साडी नेसून दादाच्या मोटारसायकलवर मागे बसली. आईनं तिच्या हातावर दही-साखर दिलं. दादा म्हणाला, “घाबरू नको. आलं तं आलं.” एवढा मऊ दादा मी कधी पाहिला नव्हता. गाडी मोहाडीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी दुकानाच्या पायरीवर उभी होते.

मागे वळले तर स्वयंपाकघरातून पोळ्यांचा वास येत होता.

मी तिकडे गेले नाही. आई माळ घेऊन देवापाशी बसली होती. वास तिलाही आला असणार. आमची नजरानजर झाली आणि तिनं माळेचा पुढचा मणी ओढला.

मी बारदान्याच्या खोलीत राउटरजवळ जाऊन बसले. हिरवा दिवा लागलेला. सतरंजी रिकामी, गुंडाळून ठेवलेली. इथे असायची ती आज तिकडे वर्गात बसली असेल. म्हणजे दिव्याची राखण करायची, एवढंच माझं काम. मला जरा मजाही वाटत होती, खोटं कशाला सांगू. आमच्या घरातली सून परीक्षेला गेली होती आणि चूल पेटलेली होती. हे मी कुठल्या भाषणात सांगितलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या.

पेपर सुरू झाला असेल अशा वेळी लाईट गेली.

पंखा हळू झाला. दिवा विझला. दुकानात इन्व्हर्टर होता, त्यावर वजनकाटा आणि समोरचा राउटर चालायचा. मागच्या खोलीला तो जोडलेला नव्हता. हे मला कालच सुचायला हवं होतं. मी वायरचं भेंडोळं घ्यायला धावले, आणि धावताना स्वयंपाकघराच्या दारासमोरून जावंच लागलं.

तवा धुरावला होता. पोळीची कड काळी पडत होती. वहिनी पाठमोरी बसली होती, तीच वेणी, तीच घरची विटकी साडी, आणि तिचा उजवा हात पोळी उलटायला पुढे झालेला, तव्याच्या अगदी वर, तसाच थांबलेला. बांगड्या वाजत नव्हत्या.

“वहिनी, हात काढ.”

हात हलला नाही. मी आत गेले, मनगट धरून बाजूला केलं. मनगट गार होतं, विहिरीतून काढलेल्या कळशीसारखं. आणि मग, खाली वाकले होते म्हणून, मला तिचा चेहरा दिसला.

चेहरा वहिनीचाच होता. फक्त डोळे हलत होते. डावीकडून उजवीकडे, हळूहळू, मग झटकन पुन्हा डावीकडे. पुन्हा उजवीकडे. ओठही हलत होते, आवाज नव्हता. समोर शेगडीमागची काळी भिंत होती. त्या भिंतीवर ती काहीतरी वाचत होती, एकेक ओळ.

मी किंचाळले नाही. गॅस बंद केला, दुकानात गेले, इन्व्हर्टरमधून वायर ओढली, बैठकीतून, मधल्या खोलीतून, आईच्या पाटाला वळसा घालून, अंगणातून. प्लग खोचला. दिवे एकेक करून लागायला तो डबा जितका वेळ घेतो, तितका वेळ मी आयुष्यात कशाची वाट पाहिली नाही.

हिरवा लागला. अंगणापलीकडून बांगड्या वाजल्या. एक टिचलेली.

“जळली वाटते एक,” तिकडून वहिनीचा आवाज आला, नेहमीचा. “ताई, गॅस कोनं बंद केला?”

ऊन उतरताना मोटारसायकल आली तेव्हा मी दुकानाच्या पायरीवरच होते. वहिनी उतरली ती हसतच.

“पेपर मस्त गेला! सगळं आलं. मधात जराक वेळ मात्र का झालं का जाने.” ती खालच्या आवाजात म्हणाली, दादाला ऐकू जाणार नाही असं. “पेन खाली ठेवला आन् हात आपोआप असा व्हाले लागला.” तिनं हवेत पोळी उलटून दाखवली. “पर्यवेक्षक बाई म्हने, ‘काय हो, भूक लागली का?’ सगळा वर्ग हासला.”

ती आत जाण्याआधी मी आत गेले. स्वयंपाकघर रिकामं होतं. पोळ्यांची चळत फडक्याखाली, गरम. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि ती कुठे गेली असेल हे स्वतःला विचारलं नाही.

७

वहिनी पास झाली, पहिल्या वर्गात. दादानं बाजाररस्त्यावर पेढे वाटले आणि ज्याला त्याला सांगितलं की आमच्या घरात शिक्षणाला कधी आडकाठी नव्हती. आता ती बी.एड.ला रोज भंडाऱ्याला जाते. ‘सून सकाळी जाते अन् तुमचं घर बाप्पा असं टापटीप कसं?’ असं शेजारची रंभाबाई विचारते. आई म्हणते, “आमची रिता कामाची हाय.” दादानं मागची खोली कायमची इन्व्हर्टरवर घेतली. त्याला किती माहीत आहे, मी विचारलेलं नाही.

डबा चालू ठेवायचं ठरलं होतं ते परीक्षेपर्यंतच. आता तो बंद करायची कुणाची हिंमत?

आणि मग मला नागपूरहून पत्र आलं. मुलींच्या शिक्षणासाठी गावोगाव फिरणाऱ्या एका संस्थेत काम, जे मी कॉलेजपासून मागत होते. माझी एकच अडचण होती. आईचे गुडघे गेलेले, मी गेल्यावर तिला दवाखान्यात नेणार कोण, रात्री पाय चेपणार कोण? आई म्हणाली, “जाय वं. तुह्यासाठी काही अडत नाही घरात.” मला जरा लागलंच ते. पण मी गेले.

नागपूर मला आवडतं. दिवसभर बस, वस्त्या, शाळा, भांडणं. मी भांडून तीन मुलींची नावं पुन्हा पटावर चढवली. थकून येते आणि झोपते.

काल संध्याकाळी संस्थेच्या गच्चीवरून आईला फोन केला. खाली रस्त्यावर भाजीचे ठेले, आकाश केशरी. आईचा आवाज इतका सुखी होता. गुडघा बरा आहे, दवाखान्यात जाऊन आली, डॉक्टरनं मालिश सांगितली, ती रोज होते.

“कोण करतं मालिश? वहिनी?”

“रिताले कुठं फुरसत हाय, अभ्यास असते तिले.”

“मग?”

 आईच्या मागे कुणीतरी बोलत होतं. भरभर, वाक्य पूर्ण न करता, दादाला काहीतरी ठणकावून सांगत होतं. पंचायतीच्या नळाबद्दल असावं. दादा ‘बरं माय, बरं’ म्हणत होता. तो असं एकाच माणसापुढे म्हणतो.

“घे,” आई म्हणाली, “तूच बोल तिच्याशी.”

फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली. मग श्वास. घाईचा, जिना चढून आल्यासारखा. मीही जिना चढूनच आले होते.

  आम्ही दोघीही दुसरी सुरू करेल म्हणून थांबलो असू. खाली ठेलेवाल्यानं दिवा लावला. मला वाटलं होतं मी घाबरेन, पण मला आईचा गुडघा आठवला, पेढे आठवले, उद्या सकाळी ज्या मुलीच्या बापाशी भांडायचं होतं ती मुलगी आठवली. आणि तव्यावर थांबलेला हात आठवला.

“इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी,” मी म्हटलं. “पाहत जाजो.”

“पाहिलं न,” तिकडून माझाच आवाज आला, जरा वैतागलेला. “कालच भरलं मी.”